वाचक विचारतात: टक्कल पडायला लागलंय, डॉक्टरकडे कधी जाऊ?

या वेळी पत्रांत आणि मेसेजमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न आलेत ते पुरुषांच्या केसगळतीचे, कपाळ मागे सरकतंय, भोवऱ्यापाशी टाळू दिसतेय, फोटो काढायला नको वाटतं, असे. आणि जवळपास प्रत्येकाने लिहिलंय की वर्ष-दीड वर्ष इकडचं तिकडचं वापरून झालं, आता विचारतोय की डॉक्टरला दाखवू का. म्हणून हा पूर्ण भाग याच विषयाला दिलाय. कोणाचंही नाव छापलेलं नाही. एकच विनंती, इथली उत्तरं वाचून आपल्या मनाने औषध सुरू करू नका, डोकं बघितल्याशिवाय कोणाला काय द्यायचं हे मलाही सांगता येत नाही.

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझं वय २४. दोन्ही कानशिलांकडून केस मागे गेलेत आणि आता भोवऱ्यापाशी पण विरळ वाटतंय. वडिलांना टक्कल आहे, मामाला पण. गेल्या दीड वर्षात तीन शाम्पू, एक महागाचं तेल, बायोटिनच्या गोळ्या, आणि ऑनलाइन प्रश्नांची उत्तरं दिली की घरी येतो तो किट, एवढं झालं. फरक काही नाही. डॉक्टरकडे जायची लाज वाटते, केसांसाठी काय डॉक्टर गाठायचा असं घरचे पण म्हणतात. मला लहान भाऊ समजून खरं सांगा, केस वाचतील का?

उत्तर: तू लहान भाऊ म्हणालास म्हणून मोकळेपणाने लिहिते. आत्ता डोक्यावर जे केस आहेत त्यातले बरेचसे वाचवता येण्याची चांगली शक्यता आहे, गेलेल्यातले काही परत येऊ शकतात, सगळे येतील असं वचन कोणी देत असेल तर तिथून उठून ये. आणि यात वेळेला फार महत्त्व आहे, म्हणून शाम्पू बदलण्यात गेलेल्या दीड वर्षाचं मला वाईट वाटतंय.

हे का होतं ते आधी समजून घे, म्हणजे शाम्पू का चालला नाही तेही कळेल. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं, त्यातल्या काही भागाचं एका एन्झाइममुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतं, डॉक्टर लोक त्याला डीएचटी म्हणतात. काही पुरुषांच्या कपाळावरच्या आणि भोवऱ्यावरच्या केसांची मुळं या डीएचटीला जन्मतःच हळवी असतात. मग काय होतं, की केस वाढायचा काळ, जो एरवी दोन ते सहा वर्षांचा असतो, तो दर फेरीला कमी कमी होत जातो, मूळ लहान होत जातं, जाड काळा केस जाऊन बारीक येतो, मग त्याहून बारीक, शेवटी नुसती लव राहते. डोक्याच्या मागच्या आणि कानावरच्या केसांना डीएचटीचा तेवढा त्रास होत नाही, म्हणून टक्कल पडलेल्या माणसालाही मागे कडेला केस असतात. हे सगळं त्वचेच्या आत, मुळाशी चाललेलं असतं, दोन मिनिटं डोक्यावर राहून धुतला जाणारा शाम्पू तिथे काय करणार. कोंडा असेल तर कीटोकोनाझोलचा शाम्पू डॉक्टर देतात, टाळू स्वच्छ राहते, खाज थांबते, पण टक्कल थांबवायचं काम एकट्या त्याच्यावर सोडता येत नाही.

हार्मोनचा हा संबंध काही नवीन नाही. जेम्स हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने १९४२ मध्येच दाखवून दिलं होतं की वयात यायच्या आधी ज्यांचे वृषण काढलेत त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असेल तर पडायला लागतं. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास आला, तिथल्या काही मुलांमध्ये ते एन्झाइम जन्मापासूनच कमी होतं, मोठेपणी त्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, लहानच राहायची आणि टक्कल पडत नव्हतं. त्यावरून ते एन्झाइम अडवणारं औषध शोधलं गेलं, फिनास्टेराइड. आधी प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये पाच मिलिग्रॅमची गोळी आली, मग १९९७ मध्ये केसांसाठी एक मिलिग्रॅमची. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे घरचे जे म्हणतायत ना की केसांसाठी काय डॉक्टर, त्यांना सांग की याच्यामागे ऐंशी वर्षांचं वैद्यकशास्त्र आहे. आणि मामावरून आठवलं, टक्कल फक्त आईकडून येतं असं सगळे सांगतात, त्यात थोडं तथ्य आहे कारण एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि ते मुलाला आईकडूनच मिळतं, पण बाकी अनेक जनुकं दोन्हीकडून येतात. वडिलांचं डोकं पण तेवढंच बघायचं.

आता डॉक्टर म्हणजे कोण, तर त्वचारोगतज्ज्ञ, स्किनचे डॉक्टर. हेअर क्लिनिक अशी पाटी आहे एवढ्यावर जाऊ नकोस, आत बसलेली व्यक्ती त्वचारोगाची पदवी घेतलेली आहे का ते विचार, बिनधास्त विचार, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. तिथे गेल्यावर घाबरण्यासारखं काही नसतं. आधी माहिती विचारतील, कधीपासून, कुठून सुरू झालं, खाज-आग आहे का, गेल्या काही महिन्यांत मोठा ताप, ऑपरेशन, झपाट्याने वजन कमी करणं असं काही झालं का, कोणती औषधं चालू आहेत. जिममध्ये स्टेरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर ते लपवू नकोस, त्याने टक्कल वेगाने वाढू शकतं आणि डॉक्टरला माहीतच नसेल तर सगळी ट्रीटमेंट चुकीच्या दिशेने जाते. डिप्रेशनचा त्रास आधी होऊन गेला असेल तर तेही सांग, का ते खाली येईलच. मग डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून टाळू बघतात. एकाच जागी जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसले की अनुवंशिक टक्कलाची खूण पटते. थोडे केस बोटात धरून हलकेच ओढून किती सुटतात तेही बघतात. नॉरवूड स्केल म्हणून सात पायऱ्यांचा एक तक्ता आहे, त्यावर तू कुठे आहेस ते लिहून ठेवतात. आणि फोटो. फोटो काढले नाहीत तर तूच काढून ठेव, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून, केस कोरडे असताना, समोरून, वरून आणि भोवऱ्याचा, कारण सहा महिन्यांनी आरशात बघून कोणालाही काही कळत नाही.

रक्ताच्या तपासण्या प्रत्येकाला लागतातच असं नाही, लक्षणं तशी असली तर थायरॉइड, लोह वगैरे बघतात. तपासणीला जायच्या आधी तू बायोटिन घेतोयस हे आवर्जून सांग. बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराचा झटका ओळखायच्या ट्रोपोनिन टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये त्याबद्दल इशाराच दिला होता. आणि शरीरात बायोटिनची कमतरता असणं फार दुर्मीळ, अनुवंशिक टक्कलाला त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. ते पैसे वाचव.

किटबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. फोनवर चार प्रश्नांची उत्तरं दिली आणि औषध दारात आलं, यात सोय आहे हे मान्य, पण तुझी टाळू कोणी बघितली? त्या बाटलीत काय काय मिसळलंय ते वाचलंस का? पुष्कळ किटमध्ये मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकत्र केलेला स्प्रे असतो. अशा ऑर्डरप्रमाणे मिसळून दिलेल्या, मंजुरी नसलेल्या फिनास्टेराइडच्या स्प्रेबद्दल एफडीएने २०२५ मध्ये सावध केलंय, कारण ते त्वचेतून रक्तात जाऊ शकतं, लावलेल्या जागेला हात लागून घरातल्या दुसऱ्या माणसालाही लागू शकतं. तू किट घेऊन डॉक्टरकडे जा, बाटलीसकट, लेबल दाखव.

औषधांचं थोडक्यात सांगते. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध, गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून कोणीतरी ते डोक्याला लावून बघितलं आणि १९८८ मध्ये लावायचं औषध म्हणून ते आलं. पुरुषांना सहसा पाच टक्क्यांचं देतात, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर, केसांवर नाही, टाळूवर. निदान चार-सहा महिने नेमाने लावल्याशिवाय निकाल कळत नाही. हल्ली कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळी पण काही डॉक्टर देतात, पण ती हृदय, ब्लड प्रेशर, पायावरची सूज हे सगळं बघूनच, आपल्या मनाने कधीही नको. घरात मांजर असेल तर लावायचं औषधसुद्धा तिच्यापासून लांब ठेव, मांजरींना ते फार विषारी असतं, उशीवर लागलेलं चाटलं तरी धोका. फिनास्टेराइडची गोळी डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली आणते. दोन वर्षांच्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांच्या भोवऱ्याकडच्या केसांची संख्या टिकली किंवा वाढली, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हा आकडा २८ टक्के होता. म्हणजे टिकवायला हे औषध चांगलं. पण दोन्ही औषधांची एक अट आहे, चालू आहेत तोवर फायदा. बंद केली की पुढच्या काही महिन्यांत मिळवलेलं हळूहळू परत जातं. हे सुरू करायच्या आधी तुला माहीत असायला हवं, नंतर कळलं की मुलं चिडतात आणि ते बरोबरच आहे.

तर तू पुढच्या पंधरा दिवसांत अपॉइंटमेंट घे. लाज बाजूला ठेव रे, त्यांच्या वेटिंग रूममध्ये निम्मी मुलं याचसाठी बसलेली असतात.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. कपाळ मोठं दिसायला लागलंय म्हणून मित्रांच्यात जाणं बंद केलंय, सारखा टोपी घालून असतो, आरशासमोर तासन्‌तास. मी म्हणते हे रात्रीचं जागरण आणि ती टोपी यामुळेच होतंय. त्याला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेऊ का? त्याच्या वडिलांना वाटतं मी उगाच काळजी करते.

उत्तर: ताई, तुम्ही उगाच काळजी करत नाही आहात. टोपीने टक्कल पडत नाही, हेल्मेटने पडत नाही, रोज केस धुतल्यानेही पडत नाही, त्यामुळे त्याला टोपीवरून बोलणं आजपासून बंद करा, त्याला वाटतंय की चूक त्याची आहे. वयात आल्यानंतर कधीही हे सुरू होऊ शकतं, १८-१९ व्या वर्षी दिसणं लवकर आहे पण अगदी विचित्र नाही. शिवाय या वयात लहानपणीची सरळ हेअरलाइन थोडी वर जाऊन मोठ्या माणसासारखी होते, ते कित्येकदा टक्कल नसतंच. ते बघून सांगायलाच डॉक्टर हवा.

जबरदस्ती नको, पण विषय सोडूही नका. शांतपणे विचारा, आपण एकदा दाखवून येऊ का, आत तू एकटा बोल, मी बाहेर बसते. मुलं आईसमोर निम्म्या गोष्टी सांगत नाहीत. आणि मला केसांपेक्षा त्याने लोकांत जाणं सोडलंय याची जास्त काळजी वाटते. झोप, भूक, अभ्यास यावर परिणाम दिसत असेल, निराशेचं काही बोलत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला आधी भेटा, केसांचं त्यासोबत होईल. स्किनच्या डॉक्टरांनाही त्याच्या मनःस्थितीबद्दल सांगायलाच हवं, कारण फिनास्टेराइडमुळे काही जणांना उदासी येऊ शकते, २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून नोंदवलाय. किती जणांना होतं हे नक्की ठरलेलं नाही, पण ज्याचं मन आधीच खाली आहे त्याला ही गोळी देताना डॉक्टर दहादा विचार करतील. त्याच्या वडिलांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न: मिनॉक्सिडिल सुरू करून सव्वा महिना झालाय आणि केस आधीपेक्षा जास्त गळतायत, उशीवर, बाथरूममध्ये, सगळीकडे. घाबरून बंद केलंय. बरोबर केलं ना? वय २८.

उत्तर: घाई केलीत. सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत असं होऊ शकतं, आराम करत असलेली मुळं औषधामुळे नव्या फेरीला लागतात आणि जुना केस ढकलून बाहेर टाकतात. बहुतेकांचं आपोआप कमी होतं. टाळू लाल झाली असेल, फार खाज येत असेल, किंवा छातीत धडधड, चक्कर, हातापायाला सूज असं काही असेल तर बंद करून लगेच दाखवा, लोशनमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलची ॲलर्जी असेल तर ते नसलेला फोम मिळतो. यातलं काही नसेल तर ज्यांनी औषध दिलं त्यांना आजच फोन करून विचारा, परत सुरू करा म्हणतील बहुधा. आणि कोणी दिलंच नसेल, आपणच आणलं असेल, तर हीच ती भेट घ्यायची वेळ.

प्रश्न: वय ३३, लग्नाला दोन वर्षं झाली, आम्ही मुलाचा विचार करतोय. डॉक्टरांनी फिनास्टेराइड लिहून दिलंय पण इंटरनेटवर वाचून झोप उडालीय, पुरुषत्व जातं, कायमचं जातं, मूल होत नाही वगैरे. बायको म्हणते नकोच. चिठ्ठी दोन महिने पाकिटात पडून आहे. आणि त्याच जातीचं ड्युटास्टेराइड घेतलं तर?

उत्तर: दोघांनी मिळून विचार करताय हे फार चांगलं आहे, आता हे सगळं घेऊन दोघंही त्याच डॉक्टरांकडे परत जा, कारण चिठ्ठी लिहिली आणि बोलणं झालं नाही असं दिसतंय.

खरं काय ते सांगते. ज्या मोठ्या चाचण्यांवर ही गोळी मंजूर झाली त्यात इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं किंवा वीर्य कमी होणं यातला एखादा त्रास गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांना झाला आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांनाही झाला. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही, ज्यांना होतं त्यांचं गोळी थांबवल्यावर सहसा जातं. पण सहसा म्हणजे नेहमी नाही, गोळी थांबवल्यानंतरही त्रास राहिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्यात आणि औषधाच्या माहितीपत्रकातही त्याचा उल्लेख आहे, तेव्हा अशा माणसाला हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत असं म्हणून परत पाठवणारा डॉक्टर मला पटत नाही. इंटरनेटवर ज्यांना त्रास झाला तेच लिहितात, ज्यांना नाही झाला ते लिहायला बसत नाहीत, हे पण लक्षात ठेवा.

मुलाचं म्हणाल तर बहुतेक पुरुषांच्या शुक्राणूंवर एक मिलिग्रॅमचा फारसा परिणाम दिसत नाही, पण काहींची संख्या कमी होते, विशेषतः ज्यांची आधीच कमी असते. थांबवल्यावर काही महिन्यांत सुधारते. मूल हवंय आणि वर्षभर प्रयत्न करून राहत नाहीये, अशा वेळी वीर्याची तपासणी करून गोळी थांबवायचा सल्ला देतात. मी तुमची डॉक्टर असते तर म्हटलं असतं, आत्ता मिनॉक्सिडिलवर राहा, मूल झाल्यावर गोळीचं बघू, तोवर थांबल्याने जगबुडी होत नाही. पण हा निर्णय तुमचं डोकं बघितलेल्या डॉक्टरांचा आणि तुम्हा दोघांचा. गोळी सुरू केलीच तर पत्नीला दिवस गेल्यावर किंवा जायची शक्यता असताना तिने तुटलेल्या, चुरा झालेल्या गोळीला हात लावायचा नाही, मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अख्ख्या गोळीवर आवरण असतं.

ड्युटास्टेराइडबद्दलही तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. ते डीएचटी आणखी खाली आणतं, दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये केसांसाठी मंजूर आहे, पण बऱ्याच देशांत फक्त प्रोस्टेटसाठी मंजूर आहे आणि शरीरातून जायला कित्येक महिने लागतात. मूल हवं असताना तो विषय आत्ता काढूच नका.

प्रश्न: केस अचानक गोल चकत्यांमध्ये गेलेत, एक चकती दाढीत पण आहे. हे पण टक्कलच ना? मित्राचं मिनॉक्सिडिल लावू का? वय ३०.

उत्तर: नाही लावू. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही चाई वाटते, त्यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, वेगळा आजार, वेगळे उपचार, चकतीत इंजेक्शनं देतात, आजार फार पसरलेला असेल तर आता गोळ्यासुद्धा आल्यात. स्किनच्या डॉक्टरकडे जा. याच निमित्ताने बाकीच्यांनाही सांगते, चकत्या, टाळूला आग-दुखणं, पू, खवले, किंवा एखादी जागा गुळगुळीत चकचकीत होऊन तिथली छिद्रंच दिसेनाशी होणं, यातलं काही असेल तर थांबू नका, काही आजारांत मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग तिथे कधीच केस येत नाही. आणि मोठ्या आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठ मूठ केस गेले तर ते बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, काही महिन्यांत परत भरतं.

प्रश्न: वय ४१. पुढचं सगळं गेलंय. ट्रान्सप्लांट करायचं ठरवलंय. एका ठिकाणी गेलो होतो, तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सिलर म्हणून एक जण होते, त्यांनी पंधरा मिनिटांत ग्राफ्टचा, म्हणजे मुळासकट काढून लावायच्या केसांच्या पुंजक्यांचा, आकडा सांगितला आणि आजच बुक केलं तर सूट म्हणाले. औषधं लागणार नाहीत, एकदाच काय ते होऊन जाईल असंही म्हणाले. सोबत पीआरपीचं पॅकेजही जोडून दिलंय. करू का?

उत्तर: तिथे करू नका. ट्रान्सप्लांट वाईट आहे म्हणून नाही, योग्य माणसाला, योग्य हाताने केलं तर ते उत्तम होतं आणि वयाच्या दृष्टीने तुम्ही योग्य टप्प्यावर आहात. पण ज्याने तुमच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करायची तो तुम्हाला भेटलाच नाही, हे एवढं कारण मला पुरे आहे.

ही शस्त्रक्रिया ज्या तत्त्वावर चालते ते नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं, मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, डीएचटीला दाद देत नाही. म्हणून मागून घेऊन पुढे लावतात. पण नवीन केस तयार होत नाही, आहे तोच इकडून तिकडे जातो, आणि मागची ही शिल्लक बँकेतल्या ठेवीसारखी आहे, एकदा मोडली की संपली. आज सगळी पुढे लावून टाकली आणि पाच वर्षांनी भोवरा गेला तर तिथे लावायला काही उरत नाही. म्हणूनच विशीच्या सुरुवातीला असलेल्या मुलांना जबाबदार सर्जन थांबायला सांगतो, त्यांचं टक्कल कुठवर जाणार तेच अजून कळलेलं नसतं.

औषधं लागणार नाहीत हे त्यांचं म्हणणं चुकीचं आहे. लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या मधले आणि मागचे मूळचे केस गळतच राहतात, ते धरून ठेवायला बहुतेकांना औषध चालू ठेवावं लागतं, नाहीतर काही वर्षांनी पुढे केसांची एक पट्टी आणि मागे मोकळं असं दिसतं. मी असे लोक बघितलेत आणि ते दुरुस्त करणं फार अवघड जातं.

सर्जनला भेटाल तेव्हा सरळ विचारा, ग्राफ्ट कोण काढणार, छिद्रं कोण पाडणार, तुम्ही पूर्ण वेळ खोलीत असणार का, की टेक्निशियनवर सोडून जाणार. भूल जागेवरची देतात, पण तेवढ्यात काही गडबड झाली तर काय सोय आहे. एफयूई करणार, म्हणजे एक एक ग्राफ्ट सुटा काढणार आणि बारीक ठिपक्यांचे व्रण राहणार, की एफयूटी, म्हणजे मागून पट्टी काढणार आणि आडवी रेघ राहणार, आणि तुमच्यासाठी तेच का. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टक्कल वाढलं तर त्यांच्या डोक्यात काय प्लॅन आहे. आधी केलेल्या लोकांचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवा म्हणा, पंधराव्या दिवसाचे नकोत. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगर, सिगरेट, सगळं सांगा. आणि हेही ऐकून ठेवा की लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, त्याने माणूस हादरतो, पण मूळ आत असतं, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतं आणि खरा निकाल वर्षाने दिसतो. त्या आधी हिशोब मांडू नका.

पीआरपीचं पण पॅकेज त्यांनी जोडून दिलंय म्हणालात. आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात, काहींना फायदा होतो, पण प्रत्येक ठिकाणी करायची पद्धत वेगळी, अभ्यासांचे निकालही उलटसुलट, त्यामुळे जोडीला म्हणून डॉक्टर सुचवत असतील तर ठीक, औषधांऐवजी म्हणून नको. आज बुक करा म्हणून सूट देणाऱ्याकडे तर काहीच नको.

प्रश्न: मला ४५ व्या वर्षी पूर्ण टक्कल आहे आणि मला काही करायचं नाहीये. सगळे मागे लागलेत, डॉक्टरकडे जा, लवकर जा. माझं काही चुकतंय का?

उत्तर: काहीच नाही. हा आजार अंगाला अपाय करणारा नाही, उपचार करायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि तुम्ही ठरवलंय. फक्त उन्हात जाताना टोपी किंवा टाळूला सनस्क्रीन, केस नसलेली टाळू उन्हाने भाजते आणि वर्षानुवर्षं ऊन लागलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो. टाळूवर काही आठवड्यांत न भरणारी जखम, वाढत जाणारा डाग, खरखरीत खवला दिसला तर मात्र दाखवून या.

प्रश्न: मी बरीच वर्षं केसांसाठी फिनास्टेराइड घेतोय, काही त्रास नाही, फायदा आहे. आता वय ५६, प्रोस्टेटची पीएसए टेस्ट करायला सांगितलीय आणि ऑफिसमध्ये रक्तदान शिबिर पण आहे. गोळीचं सांगायला हवं का? लोकांना कळू नये असं वाटतं.

उत्तर: दोन्हीकडे सांगायलाच हवं. फिनास्टेराइडमुळे पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचा, आकडा साधारण निम्म्यावर येतो, अगदी एक मिलिग्रॅमच्या गोळीनेही, म्हणजे रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसणारा आकडा खरंतर वाढलेला असू शकतो, आणि डॉक्टरला गोळीचं माहीत नसेल तर कॅन्सर नजरेतून सुटू शकतो. माहीत असेल तर ते दुप्पट करून वाचतात आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघतात. टेस्टसाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, नुसतं सांगा, फॉर्मवर लिहा. रक्तदानाचं म्हणजे, शेवटची गोळी घेतल्यावर साधारण एक महिना थांबायला सांगतात, ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं. शिबिरात सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही, तिथल्या डॉक्टरला बाजूला घेऊन एक औषध चालू आहे एवढं सांगा आणि नाव कागदावर लिहून द्या.